परदेशातल्या सहलीसाठी दरमहा किती पैसे बाजूला टाकायचे, हे साध्या गणितानं कसं काढावं?

तुम्ही विचारलंय की एकूण खर्चाला हातातल्या महिन्यांनी भागलं की काम झालं का. नाही झालं. बेरीज कुणालाही जमते. सहलीच्या हिशेबात माणसं फसतात ती भागाकारात, म्हणजे कशाला भागायचं हे ठरवण्यात.

हे मी सांगतेय, जिला शाळेत भागाकार येत नव्हता. दादा शिकवायला बसायचा आणि तिसऱ्या गणितापासून टपल्या सुरू व्हायच्या. भाज्य कुठलं, भाजक कुठला, इथेच माझी गाडी अडायची. तो पुढे इंजिनिअर झाला, मी झाले नाही, आणि घरात पैशांचा विषय निघाला की आजही "तू राहू दे, तुला नाही कळायचं" हे वाक्य येतंच. खालचं उत्तर वाचताना मी त्याच्याशीच भांडतेय असं वाटलं तर ते थोडं खरं आहे.

गेल्या वर्षी आम्ही चौघं व्हिएन्ना, प्राग आणि बुडापेस्टला गेलो. दादा, वहिनी, अकरा वर्षांची भाची आणि मी. मी एकटी राहते. दादाने एक्सेलमध्ये तक्ता केला होता, रंगीबेरंगी, प्रत्येक शहराला वेगळा रंग. सगळ्यात खाली एकूण आकडा आणि त्याखाली एक ओळ: भागिले २. "दोन कुटुंबं, निम्मं-निम्मं, सोपं." माझ्याकडे शंभर पानी वही होती. त्या वहीवरून विमानतळापर्यंत चेष्टा झाली.

आधी तुमच्या बचतीचं सांगते, नाहीतर राहून जाईल.

प्रत्यक्ष रकमा सोडून द्या, एकूण खर्च १०० भाग धरा. माझ्या वहीत विमानाचं तिकीट ४०, मुक्काम २५, खाणं १५, तिथला प्रवास आणि प्रवेशशुल्क ८, व्हिसा आणि विमा ७, किरकोळ ५ असं निघालं होतं. त्यावर १० भाग अडीअडचणीला. म्हणजे ११०. दहा महिने हातात असतील तर महिन्याला ११, असं दादाचा तक्ता म्हणतो. पण पैसे काही विमानात बसायच्या दिवशी एकदम लागत नाहीत. तिकीट सहा महिने आधी काढायचं असेल तर चौथ्या महिन्याच्या शेवटी तुमच्याकडे ४४ असतात आणि तेव्हाच तिकिटाचे ४० अधिक मुक्कामाची आगाऊ रक्कम, समजा ७, असे ४७ द्यायचे असतात. तीन भाग कमी पडले. माणूस तिथे क्रेडिट कार्ड काढतो आणि मग तीन भागांवर व्याज भरत बसतो. म्हणून दोन वेगळे भागाकार करा. तिकीट काढेपर्यंत जे लागणार ते तिथपर्यंतच्या महिन्यांनी भागा (४७ भागिले ४, म्हणजे पावणेबारा), उरलेलं उरलेल्या महिन्यांनी (६३ भागिले ६, म्हणजे साडेदहा). फरक फार नाही, पण तो चुकीच्या महिन्यात पडला की टोचतो.

दुसरं, तुमचं चलन घसरलं तर. दादाचं म्हणणं, चलन १० टक्के पडलं तर खर्च १० टक्क्यांनी वाढेल. चूक. जे १००ला मिळायचं ते आता १०० भागिले ०.९, म्हणजे १११ला मिळतं. वाढ ११ टक्क्यांची. मात्र ती सगळ्या खर्चावर नाही, ज्याचे पैसे अजून द्यायचेत तेवढ्यावरच. तिकिटाचे ४० देऊन झाले असतील तर उरलेल्या ६०चे साधारण ६७ होतात. तो दहा भागांचा राखीव पैसा असल्या कामाला येतो. वहिनीला वाटलं होतं तो खरेदीसाठी आहे.

कर्ज काढून फिरायला जाऊ नये, हे माझं स्पष्ट मत आहे. "फक्त १० टक्के, १२ सोपे हप्ते" असं जे सांगतात ते बहुतेक वेळा मूळ रकमेवर वर्षभर सरळ व्याज लावतात. तुम्ही तर दर महिन्याला मुद्दल फेडत असता, म्हणजे सरासरी निम्म्याच्या आसपास रक्कमच तुमच्याकडे असते. खरा दर १८ टक्क्यांच्या जवळ जातो. इथेही तेच, कशाला भागलंय ते बघा.

आता मुक्कामाच्या रात्री किती, ते. दादाच्या तक्त्यात दहा रात्री होत्या. आम्ही ५ तारखेला सकाळी पोचणार होतो आणि परतीच्या तिकिटावर १५ तारीख होती. १५ वजा ५, दहा. मी वहीत दिवसांचे चौकोन आखले होते (हो, शाळकरी पोरांसारखे, पेन्सिलने) आणि परतीच्या विमानाची वेळ लिहिताना थांबले: ००:२०. म्हणजे १५ तारीख सुरू होऊन वीस मिनिटं. म्हणजे १४च्या संध्याकाळीच आम्ही विमानतळावर. मग १४ची रात्र हॉटेलात कोण झोपणार? मी निघायच्या तीन महिने आधी विचारलं. "तू तुझी वही बघ, तक्ता मी बघतो."

झालं काय, १४च्या रात्री बुडापेस्टमध्ये पैसे भरलेल्या दोन रिकाम्या खोल्या होत्या आणि आम्ही विमानतळाच्या खुर्च्यांवर बसलो होतो. मुक्कामाच्या खर्चाचा दहावा हिस्सा गेला. दादा म्हणाला, "निघेपर्यंत सामान ठेवायला तर झाली ना खोली!" खोली सोडल्यावर हॉटेलवाले सामान संध्याकाळपर्यंत ठेवून घेतात, बहुतेक ठिकाणी फुकट.

पण त्याच्याही आधी प्रागला एक गोष्ट झाली, ती सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. ऑस्ट्रियात युरो, चेक प्रजासत्ताकात कोरुना, हंगेरीत फोरिंट. दहा दिवसांत तीन चलनं. तेव्हा एका युरोला साधारण २५ कोरुना आणि ४०० फोरिंट पडत होते. दादा प्रत्येक पाटीसमोर फोन काढून उभा. मी व्हिएन्नाहून निघालेल्या ट्रेनमध्ये वहीवर रेघोट्या ओढत होते आणि लक्षात आलं की २५ने भागणं म्हणजे ४ने गुणून दोन शून्यं उडवणं. २५० कोरुना, चोक हजार, दोन शून्यं गेली, दहा युरो. आणि ४००ने भागणं म्हणजे आधी दोन शून्यं उडवून मग चौथाई करणं. ६,००० फोरिंट, साठ, चौथाई पंधरा युरो. प्रागला गुणिले चार, बुडापेस्टला भागिले चार. भाचीला दोन मिनिटांत शिकवलं. त्यानंतर दादाचा फोन उघडेपर्यंत ती आकडा सांगून मोकळी व्हायची. "बाबा, आत्याचं लवकर येतं." बास. मला सहलीत याहून काही नको होतं.

दर बदलला की ही युक्ती मोडते, तेव्हा निघायच्या आठवड्यात नवा दर बघून नवी युक्ती शोधा. दोन-तीन टक्के इकडेतिकडे झाले तरी चालतं. पाटीवरची किंमत महाग की स्वस्त, एवढंच कळायला हवं असतं.

कार्डाचं मात्र तसं नाही, तिथे ते टक्के मोजा. दुकानातलं यंत्र कधीकधी विचारतं, तिथल्या चलनात पैसे घेऊ की तुमच्या चलनात? दादा नेहमी "आपल्या" दाबायचा, का तर आकडा लगेच समजतो. समजतो, पण तो दर दुकानाच्या बाजूने ठरलेला असतो आणि त्यात त्यांचा नफा मिसळलेला असतो. तिथलंच चलन निवडायचं, डोळे मिटून. पैसे काढायच्या यंत्रावरही तेच. शिवाय तिथे दर खेपेला ठरावीक शुल्क असेल तर तेही भागून बघा. ५चं शुल्क ५० काढताना १० टक्के पडतं आणि २५० काढताना २ टक्के. पण म्हणून भरमसाठ काढू नका, कारण उरलेले परत बदलताना पुन्हा मार बसतो. घेताना १०३ दिले आणि विकताना ९७ मिळाले तर जाऊन-येऊन जवळपास सहा टक्के हवेत.

व्हिएन्नात वहिनीने १२० युरोंची पर्स घेतली. तिथला कर २० टक्के आणि युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्यांना तो परत मिळतो, म्हणून दादाने २४ युरो तक्त्यात जमेला टाकले. अहो, १२० ही करासकट किंमत! मूळ १००, कर २०. कर किमतीचा पाचवा हिस्सा नाही, सहावा. त्यातून परतावा देणारी कंपनी आपलं शुल्क कापणार. आणि संघातून बाहेर पडताना सीमाशुल्क खात्याचा शिक्का घ्यावा लागतो, त्या रांगेचा वेळ कुठल्याच तक्त्यात नसतो.

व्हिसा लागत असेल तर त्याची फीही नीट बघा. शेंगेन व्हिसाची (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, आमच्या तिन्ही देशांना तोच लागतो) फी जून २०२४मध्ये ८०वरून ९० युरो झाली आणि सहा वर्षांपासून बारा पूर्ण होईपर्यंतच्या मुलांना निम्मी, ४५. दादाने ९० गुणिले ४ केलं होतं. फीपुरती आमची डोकी साडेतीन होती.

आणि आता ती ओळ, भागिले २.

खोल्या दोन होत्या, एक त्यांची, एक माझी. तिथे निम्मे मला मान्य, एकटीने वेगळी खोली घेतली तर भरावेच लागतात. पण संग्रहालयाची तिकिटं? डॅन्यूबवरची बोट? किराणा, नाश्ता, जेवणं? चारजणांत १०० खर्च झाले तर माझे २५. मी देत होते ५०. दुप्पट. हे मला चौथ्या रात्री वहीत बेरीज करताना दिसलं आणि मी गप्प बसले, कारण वहिनीसमोर विषय नको होता आणि भाची खुशीत होती. ते गप्प बसणं माझी चूक. पहिल्याच दिवशी बोलायला हवं होतं.

शेवटी बोलले ते त्या विमानतळावरच्या खुर्चीत. वही उघडून त्याच्या मांडीवर ठेवली. त्याने वाचलं आणि म्हणाला, "तू एकटी आहेस गं, तुला काय खर्च असतो?" आवाज चढवला नव्हता. त्याला ते खरंच तसं वाटत होतं. एकटीचं भाडं, एकटीचं वीजबिल, आजारपणातली एकटीची रिक्षा, यातलं काही निम्मं होत नाही, हे तीन माणसांत राहणाऱ्याला दिसत नाही. मी म्हटलं, "दादा, भाजक चुकलाय." आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला हे म्हटलं. तो बराच वेळ पानाकडे बघत होता. मग फरकाची रक्कम घरी आल्यावर दोन हप्त्यांत पाठवली, त्यावर एक शब्द न बोलता.

टॅक्सीबद्दल वाद घालता येईल, हे मान्य. ते तिघंच असते तरी तीच टॅक्सी लागली असती. (मी एकटी असते तर ट्रामने गेले असते, तेही लक्षात घ्या.) कुणी मिळकतीच्या प्रमाणातही वाटणी करतं, तीही वाईट नाही. काहीही ठरवा, पण तिकीट काढायच्या आधी ठरवा आणि लिहून ठेवा: खोलीगणिक काय, डोईगणिक काय, कुटुंबागणिक काय.

दोन गोष्टी राहिल्या. माझे ४०-२५-१५ हे भाग आमच्या सहलीचे आहेत. जवळच्या देशात जाणार असाल तर तिकिटाचा वाटा पार खाली येईल आणि मुक्कामाचा वर जाईल, तेव्हा ते जसेच्या तसे उचलू नका. आणि डोक्यावर कार्डाची थकबाकी असेल तर आधी ती फेडा, सहलीचा डबा नंतर. कुठल्याच बचत खात्याचं व्याज त्या व्याजाला पुरं पडत नाही.

परवा दादाने पुढच्या सहलीचा तक्ता पाठवला. पहिल्याच ओळीत "कुटुंबं: २" होतं. मी ते खोडून "माणसं: ४" केलं आणि परत पाठवलं. अजून उत्तर आलेलं नाही, पण भाचीचा मेसेज आला: आत्या, मला बारा पूर्ण झाली, आता मी व्हिसाला निम्मी नाही.