खात्री नसणं म्हणजे विश्वास नसणं का?

तुम्ही विचारलंय: 'दारू नाही, लबाडी नाही, दर रविवारी चर्च. तरी उद्या मेलो तर तारण होईल, म्हणजे देव मला पापातून सोडवून जवळ घेईल, याची खात्री वाटत नाही. म्हणजे माझा विश्वासच खोटा का?'

खोटा नाही. पण बघा, तुम्ही आधी हिशेब दिलात आणि मग भीती सांगितलीत. माझंही तसंच होतं.

मी ठाण्याच्या वेशीवर जकातनाक्याच्या खिडकीत कारकून होतो. लूकच्या शुभवर्तमानात अठराव्या अध्यायात येशूचा एक दाखला आहे: धर्म काटेकोर पाळणारा परूशी 'मी या जकातदारासारखा नाही' म्हणून देवाचे आभार मानतो, जकातदार फक्त दया मागतो, आणि देवाला पटतो तो जकातदार. तो वाचायला आला की चर्चमध्ये बायको कोपरानं ढोसायची. मी मनात म्हणायचो, हा जकातदार मी नव्हे, मी कुणाचा चहासुद्धा प्यायलो नाही. ही सरळसरळ परूशाची प्रार्थना झाली, हे कळेपर्यंत रिटायर झालो होतो.

नाक्यावर पाळी सुटताना पावत्या आणि रोकड यांचा मेळ घालावा लागे. नवा असताना एकदा बारा रुपये कमी आले. कार्बननं निळ्या झालेल्या बोटांनी तीनदा नोटा मोजल्या. आमच्या हेडक्लार्कनी, गळ्यात तुळशीची माळ, खिशातून बारा रुपये काढून गल्ल्यात टाकले. म्हणाले, "बसला मेळ. जा आता, शेवटची गाडी जाईल." वहीत माझ्या नावे पूर्ण भरणा लागला. दुसऱ्या दिवशी पैसे परत द्यायला गेलो तर घेईनात. खरं सांगतो, मला राग आला. उपकार अंगावर राहिला ना! आजही ते बारा रुपये मला बाकी वाटतात. वहीत बाकी नाही.

बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात प्रेषित पौल हेच मांडतो. अब्राहामानं विश्वास ठेवला आणि तो त्याच्या नावे नीतिमत्त्व असा गणला गेला. 'गणला' याचा मूळ ग्रीक शब्दही हिशेबाच्या वहीतलाच. सदाचार हवाच, क्रियांवाचून विश्वास निर्जीव असं याकोब आपल्या पत्रात बजावतोच. पण तूट त्यानं भरत नाही.

आता खात्री. बायको कॅथलिक, तलावपाळीजवळच्या सेंट जॉन चर्चची, मी प्रॉटेस्टंट. तिच्याकडे १५४७ साली ट्रेंटच्या परिषदेनं, म्हणजे कॅथलिक बिशपांच्या सभेनं, ठरवलंय की आपल्याला कृपा लाभलीय हे कुणी चुकणारच नाही अशा खात्रीनं सांगू शकत नाही. आमच्याकडे योहानाचं पहिलं पत्र, ५:१३ काढतात: सार्वकालिक जीवन लाभलंय हे तुम्हाला समजावं म्हणून लिहिलं. यावरून आमच्याकडे ताटावर वाद होतात. ती मग जोन ऑफ आर्क काढते, फ्रान्सची ती लढवय्यी मुलगी, जिच्यावर पाखंडाचा खटला चालला. १४३१ च्या खटल्यात जोनला विचारलं, तू देवाच्या कृपेत आहेस का? हो म्हणाली तर उद्धटपणा, नाही म्हणाली तर गुन्ह्याची कबुली. ती म्हणाली, नसेन तर देव मला तिथे आणो, असेन तर तिथेच ठेवो. इथे मी गप्प बसतो.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ चा. पुढे त्यांनीच लिहिलं की तेव्हा ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त नव्हे. हे उमगायला आठ वर्षं लागली. त्यांना एवढा वेळ लागला, तुम्ही कशाला घाई करता?

मार्कच्या शुभवर्तमानात नवव्या अध्यायात एका आजारी मुलाचा बाप येशूला म्हणतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. दोन्ही एका दमात. येशूनं त्याला खात्री करून ये म्हणून परत पाठवलं नाही. मुलगा तिथेच बरा झाला.