केराटोकोनस (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, पातळ होऊन शंकूसारखा फुगणं) असल्याने लेसिक, म्हणजे नंबर घालवायची लेझर शस्त्रक्रिया, नाकारलं. कॉर्नियात रिंग बसवून चष्मा सुटेल का?

बहुधा नाही. चष्म्याने किंवा लेन्सने आज जे नीट दिसत नाही ते दिसावं, एवढ्यासाठी ही शस्त्रक्रिया असते. लेसिक नाकारलं ते योग्यच झालं: त्यात कॉर्निया लेझरने पातळ करतात आणि तुमचा आधीच कमजोर आहे. रिंगमध्ये काही काढत नाहीत, भर घालतात.

'रिंग' म्हणजे सहसा पीएमएमए या कडक पारदर्शक प्लास्टिकचे एक-दोन कमानीसारखे तुकडे. कडेला भर पडली की मधला उंचवटा ताणून चपटा होतो. तुकडा जितका जाड आणि मध्याच्या जितका जवळ, तितका परिणाम मोठा. इन्टॅक्स या ब्रँडच्या रिंगला अमेरिकेत 1999 साली मान्यता मिळाली ती उणे 1 ते उणे 3 नंबरासाठी; केराटोकोनससाठी 2004 साली. साध्या नंबरासाठी आता कोणी सहसा वापरत नाही, लेझर त्याहून अचूक आहे. 

थेंबांनी भूल देऊन फेम्टोसेकंद लेझरने कॉर्नियात गोल बोगदा करतात आणि छोट्या छेदातून तुकडा आत सरकवतात. सगळं अवलंबून असतं खोलीवर: बोगद्याच्या जागी जाडी 480 मायक्रॉन असेल तर 70 टक्के खोलीच्या हिशोबाने बोगदा साधारण 335 मायक्रॉनवर. बोगदा उथळ झाला तर तुकड्यावरच्या थराला आतल्या द्रवातून पोषण मिळत नाही, तो विरघळत जातो आणि तुकडा उघडा पडतो. मग जंतुसंसर्ग, आणि तुकडा काढावाच लागतो. फार खोल गेला तर कॉर्निया आत फुटण्याचा धोका. म्हणून रिपोर्टमध्ये फक्त सर्वांत पातळ जागेचा आकडा बघू नका. बोगद्याच्या वाटेवरची जाडी विचारा. ती सहसा 450 मायक्रॉन तरी लागते.

रिंगने आजार थांबत नाही. सहा-बारा महिन्यांच्या टोपोग्राफीत (कॉर्नियाच्या आकाराच्या नकाशात) फुगवटा वाढताना दिसत असेल तर क्रॉस-लिंकिंग (थेंब आणि अतिनील किरणांनी कॉर्निया कडक करणं) करावंच लागतं. मध्यभागी व्रण असेल तर रिंगचा उपयोग नाही.

रात्री बाहुली मोठी झाली की दिव्यांभोवती वलयं दिसतात, विशेषतः आतल्या, लहान व्यासाच्या रिंगमध्ये. फारच त्रास झाला तर तुकडे काढता येतात, हा मोठा फायदा. डोळा चोळणं मात्र कायमचं बंद. नंबर काही आठवडे हलत राहतो, तेव्हा नवा चष्मा तीन महिन्यांआधी करू नका.