अडीच वर्षांच्या मुलीसाठी शांत, छोट्या ॲनिमेटेड फिल्म कोणत्या? वेगवान कार्टून लावलं की ती घाबरते

आधी क्रतेक लावून बघा, झ्देनेक मिलर या चेक ॲनिमेटरने 1957 पासून काढलेला छोटासा मोल (बिळात राहणारा उंदरासारखा प्राणी), जमिनीखालून डोकं वर काढतो आणि जे दिसेल त्याच्याशी दोस्ती करतो. सुरुवातीचे एकदोन सोडले तर बहुतेक भागांत बोलणं जवळजवळ नाहीच, नुसतं हसणं, उसासे आणि संगीत, त्यामुळे भाषेचा प्रश्नच येत नाही. एवढ्या लहान मुलांना मुळात भीती गोष्टीची कमी आणि पटापट बदलणाऱ्या सीनची, अचानक येणाऱ्या मोठ्या आवाजाची जास्त वाटते, म्हणून एका जागी थोडा वेळ थांबणारी फिल्म निवडायची, मुलांना चित्र बघायला आणि बोट दाखवून काहीतरी सांगायला वेळ मिळतो आणि खरी मजा तिथेच आहे. दुसरं म्हणजे पिंगू, क्लेमधला पेंग्विन, एकेक भाग साधारण 5 मिनिटांचा, भाषा मनाने बनवलेली पण भाव लगेच कळतात. फक्त त्यातला स्वप्नात मोठा वॉलरस येतो तो भाग नका दाखवू, खरंच भीतीदायक आहे, आणि कुठलीही फिल्म आधी स्वतः शेवटपर्यंत बघा. 'द स्नोमॅन' (1982, 26 मिनिटं) सुंदरच आहे पण शेवटी तो वितळतो, ते इतक्यात नको. डब्ल्यूएचओ या वयाला दिवसाला जास्तीत जास्त 1 तास स्क्रीन म्हणते, कमी असेल तर अजून चांगलं, आणि ऑटोप्ले आठवणीने बंद करा.