ताईंना विचारा: ‘सहावीनंतर माझी शाळा संपली असती ना?’

प्रश्न: ताई, माझी मुलगी सातवीत आहे. परवा मोबाइलवर अफगाणिस्तानची बातमी बघून म्हणाली, आई, मी तिकडे असते तर गेल्या वर्षीच माझी शाळा संपली असती ना? मला काही बोलताच आलं नाही. सासरे तिथेच बसलेले, ते म्हणाले, त्यांची संस्कृतीच तशी, पूर्वापार तसंच चाललंय, तू आपला अभ्यास कर. मुलगी गप्प झाली पण मला काय ते पटलं नाही. तिला काय सांगू?
— एक आई, डिचोली

उत्तर: तुमच्या मुलीचा हिशोब बरोबर आहे, आधी तिला तेवढं सांगा. तालिबानने १५ ऑगस्ट २०२१ ला काबूल घेतलं आणि सप्टेंबरात सातवीपासून वरच्या वर्गांच्या शाळा उघडल्या त्या फक्त मुलग्यांसाठी. मग २३ मार्च २०२२ ला मुलींच्या पण शाळा सुरू होणार असं जाहीर झालं, मुली युनिफॉर्म घालून, दप्तरं घेऊन वर्गात जाऊन बसल्या, आणि काही तासांत त्यांना परत घरी पाठवलं. मला सगळ्यात जास्त लागलं ते हे, कारण आशा दाखवून त्याच दिवशी काढून घेणं हे नुसतं दार बंद ठेवण्यापेक्षा वाईट. त्याच वर्षी डिसेंबरात युनिव्हर्सिटी पण बंद. युनेस्कोने २०२४ मध्ये सांगितलेला आकडा आहे की किमान १४ लाख मुली अशा शाळेबाहेर ठेवल्यात. मुलींना माध्यमिक शाळा आणि कॉलेज कायद्यानेच बंद आहे असा जगात दुसरा एकही देश नाही.

आता सासऱ्यांचं. वडीलधारे आहेत, वाद घालू नका, पण शांतपणे एवढं सांगा की पूर्वापार वगैरे काही नाही. काबूलमध्ये मुलींची शाळा १९२१ साली निघाली, राजा अमानुल्ला आणि राणी सुरय्या यांच्या काळात. १९२१ साली आपल्या गोव्यात किती खेड्यांत मुली शाळेत जायच्या हे सासऱ्यांनाच विचारा, त्यांच्या आईला सही यायची का तेही विचारा. आपल्याकडे गावोगावी शाळा पोचल्या त्या गोवा मुक्तीनंतर, पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात. तिकडे १९६४ च्या घटनेने बायकांना बरोबरीचा हक्क दिला आणि १९६५ च्या निवडणुकीत बायका निवडून येऊन संसदेत बसल्या. म्हणजे होतं ते हिरावून घेतलंय. हा फरक मुलीला नीट समजला पाहिजे, कारण ‘त्यांची संस्कृती’ म्हटलं की आपण त्या मुलींना पण त्या बंदुकवाल्यांच्याच बाजूला नेऊन बसवतो, आणि त्या तर रस्त्यावर उतरून ‘भाकरी, काम, स्वातंत्र्य’ म्हणून ओरडल्या, मार खाल्ला, तुरुंगात गेल्या.

धर्माचं म्हणाल तर ५७ देशांची इस्लामी सहकार्य संघटना आहे, तिनेच तालिबानला परत परत सांगितलंय की मुलींच्या शाळा उघडा. आणि एवढ्या लांब कशाला जायचं, डिचोलीच्याच मुस्लिम मुली तुमच्या मुलीबरोबर बालरथातून, म्हणजे शाळेच्या बसमधून, शाळेत जातात की.

अजून एक सांगा तिला, हे मोठ्या माणसांनाही पटकन लक्षात येत नाही. तिथे बाईला तपासायला शक्यतो बाईच पाहिजे असा दंडक, आणि डिसेंबर २०२४ मध्ये नर्सिंग आणि सुईणीचं शिक्षणही मुलींना बंद केलं. मग अजून दहा वर्षांनी बाळंतपण कोण करणार? बंदी शाळेवर घातली पण तिचे परिणाम बाळंतिणीच्या खाटेपर्यंत जातात.

आणि ती गप्प झालीय ना, तर तिला रेडिओची गोष्ट सांगा. काबूलमध्ये ८ मार्च २०२१ ला रेडिओ बेगम नावाचं बायकांनी चालवलेलं स्टेशन सुरू झालं. शाळा बंद झाल्यावर त्यांनी शाळेचे धडेच रेडिओवरून शिकवायला घेतले, मुलगी घरात कोपऱ्यात बसून ऐकणार. फेब्रुवारी २०२५ मध्ये स्टेशनवर छापा पडला, प्रसारण बंद पाडलं, काही दिवसांनी परत परवानगी मिळाली. हे वाचलं तेव्हा मला एकदम आपल्या लिबिया लोबो सरदेसाई आठवल्या. पोर्तुगीज राजवटीत सेन्सॉर असा की लग्नपत्रिका पण पास करून घ्यावी लागायची, आणि या बाई वामन सरदेसाईंबरोबर १९५५ पासून १९६१ पर्यंत जंगलात राहून गुप्त रेडिओ चालवायच्या. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा कुठे आपल्या पोरांना नाव कळलं. आणि सुधाताई जोशी, १९५५ च्या एप्रिलात म्हापशाला बंदी असताना सत्याग्रहींच्या अधिवेशनाच्या अध्यक्ष म्हणून उभ्या राहिल्या आणि सरळ तुरुंगात गेल्या. दोन्हीकडची दडपशाही सारखी होती असं मी म्हणत नाही, आपल्याकडे मुलीला शाळेत जायला कायद्याने बंदी नव्हती. पण बोलायचं नाही म्हणून सांगितल्यावर बाईने आवाज पोचवायची वाट कशी काढली हे तुमच्या मुलीला स्वतःच्या मातीतलं कळेल.

प्रश्न: ताई, मग अमेरिकेने तिथून निघायलाच नको होतं असं तुमचं म्हणणं आहे का? सैन्य होतं तेव्हा मुली शिकत तरी होत्या.
— कॉलेज विद्यार्थी, मडगाव

उत्तर: शिकत होत्या हे खरंच. युनेस्कोच्या आकड्यांप्रमाणे २००१ मध्ये प्राथमिक शाळेत मुली जवळजवळ शून्य होत्या, २०१८ पर्यंत २५ लाख झाल्या. पण ते शिकवलं अफगाण शिक्षिकांनी, पाठवलं तिथल्या आईबापांनी, आणि अमेरिकेचं सैन्य होतं त्याच वीस वर्षांत खेड्यांत बॉम्बही पडत होते. आधी १९७९ ला रशियन आले, मग त्यांच्याशी लढणाऱ्यांना अमेरिकेने आणि पाकिस्तानने हत्यारं दिली, मग ते हत्यारवालेच आपसात लढले. प्रत्येकाने बायकांचं नाव घेतलं. आणि २९ फेब्रुवारी २०२० ला दोह्यात अमेरिका आणि तालिबानचा करार झाला, त्यात बायकांच्या हक्कांबद्दल एक शब्द नाही. माझा राग यावर आहे.

तू मीना नावाच्या अफगाण बाईबद्दल वाच. तिने १९७७ मध्ये काबूलला बायकांची संघटना काढली, रशियन फौजेलाही विरोध केला आणि कट्टरवाद्यांनाही, निर्वासित मुलांसाठी शाळा चालवल्या, आणि १९८७ मध्ये पाकिस्तानातल्या क्वेट्टात तिचा खून झाला. तेव्हा ती तिशीत जेमतेम पोचली होती.

आणि हे फक्त तिकडचंच आहे असं समजू नकोस. २०२५ च्या ऑक्टोबरात तालिबानचे परराष्ट्रमंत्री दिल्लीत आले, त्यांच्या पहिल्या पत्रकार परिषदेत बायका पत्रकारांना आतच घेतलं नाही, आपल्या राजधानीत! आरडाओरडा झाला म्हणून दोन दिवसांनी दुसरी घेतली आणि त्यात बायका पुढच्या रांगेत बसल्या. बोलल्याने फरक पडतो तो असा.

प्रश्न: मी नर्सिंगला आहे. तिथल्या मुलींना ऑनलाइन शिकवायला मदत करावीशी वाटते, पण भाषा येत नाही. जमेल का?
— वाचक, साखळी

उत्तर: जमेल गो बाय. त्यांच्या भाषा दरी आणि पश्तो, पण इंग्रजी बोलायची सवय करून देणारी माणसं पण लागतात, तिथे तुझा उपयोग होईल. आधीपासून काम करणाऱ्या संस्थेतूनच जा, इन्स्टावर स्वतःच मुली शोधत बसू नकोस, आणि स्क्रीनशॉट, नाव, गाव काही म्हणजे काही कुठे टाकू नकोस, अगदी कौतुकाने पण नाही, कारण त्याची किंमत तू नाही, ती मुलगी भरणार. आणि कॅमेरा चालू कर, माइक चालू कर असा आग्रह धरू नकोस. ऑगस्ट २०२४ च्या कायद्यात बाईचा आवाज सुद्धा घराबाहेर ऐकू जाता कामा नये असं लिहिलंय. ती नुसतं टाइप करून उत्तर देत असेल तर देऊ दे, तू थांब, तिचं टाइप करून होईपर्यंत.