फिनलंडच्या रानफळांची वाइन

प्रश्न : फिनलंडमध्ये राहणाऱ्या माझ्या मुलीला जंगलातील लिंगनबेरीची वाइन करून विकायची आहे, पण रस आंबतच नाही. काय चुकते?

उत्तर : त्या लालचुटुक, तुरट फळात बेंझोइक आम्ल निसर्गतःच असते, त्यामुळे ते नुसत्या पाण्यात बुडवून ठेवले तरी बरणीत महिनोन्महिने टिकते, पण तेच आम्ल यीस्टलाही वाढू देत नाही. म्हणून रसात पाणी व साखर मिसळावी आणि कोमट साखरपाण्यात आधीच फसफसू लागलेले जोमदार यीस्ट घालावे. जांभळ्या गराची बिलबेरी त्या मानाने सोपी. सुरुवात बिलबेरीनेच करावी, असे मला मनापासून वाटते. फळे वेचण्यास तेथे जमीनमालकाची परवानगी लागत नाही, विक्रीस मात्र परवाना हवाच; तो मिळालेल्या उत्पादकाला 13 टक्क्यांपर्यंत मद्यार्काची फळवाइन स्वतःच्या शेतावरून विकता येते.