पहिली ऑनलाइन मीटिंग घेतोयस ना, मग हे आधी बघ

सगळ्यात आधी वेळ. झूमच्या फ्री अकाउंटवर ४० मिनिटांनी मीटिंग बंद पडते, गूगल मीटवर तीन किंवा जास्त जण असले की ६० मिनिटं मिळतात, त्यामुळे महत्त्वाचा निर्णय शेवटाला ठेवूच नकोस. अजेंडा आदल्या दिवशीच ग्रुपवर टाक, दोन-तीनच मुद्दे, आणि प्रत्येकापुढे कोण बोलणार त्याचं नाव.

'कोणाला काही बोलायचंय का' असं विचारलं की सगळे गप्प बसतात, हे हमखास होतं, त्यापेक्षा नाव घेऊन विचार, आणि जे लाजतात किंवा ज्यांचं नेट अडकतंय त्यांना चॅटमध्ये लिहू दे, ते तू मोठ्याने वाचून दाखव, खरंच खूप फरक पडतो, नाहीतर तेच चार जण बोलत राहतात. कॅमेऱ्याची सक्ती तर अजिबात नको, सगळ्यांना घरी वेगळी खोली नसते रे.

मोठा इव्हेंट असेल तर लिंक सगळीकडे टाकत बसू नकोस, वेटिंग रूम चालू ठेव (म्हणजे तू आत घेतल्याशिवाय कोणी येऊ शकत नाही), स्क्रीन शेअर फक्त होस्टकडे, आणि एक को-होस्ट, म्हणजे तुझ्यासोबत मीटिंग सांभाळणारा, पक्का कर म्हणजे तुझं नेट गेलं तरी कार्यक्रम चालू राहील. रेकॉर्डिंग करायचं तर आधी विचारून. आणि कोणी काय करायचं, कधीपर्यंत, हे त्याच दिवशी ग्रुपवर लिहून टाक.