स्वयंपाकघरातलं लाकूड: वाचकांचे प्रश्न

सागवानी पोळपाट मध्ये खोलगट झालाय. पोळी मध्ये जाड राहते. रंधा मारून घ्यावा का?
– एक वाचक, सातारा

आधी घरचा उपाय करून पाहा. लाकूड ओलं झालं की फुगतं, सुकलं की आकसतं, आणि तेही मुख्यतः रेषांच्या आडव्या दिशेनं. धुतलेला पोळपाट ओट्यावर आडवा टाकला की वरची बाजू सुकून आकसते, खालची ओलीच राहते. रोजच्या या ओढाताणीनं फळी वाकते. पाण्यापेक्षा हे एकाच बाजूचं सुकणं जास्त घातक.

खोलगट बाजूवर पिळलेलं ओलं फडकं रात्रभर पसरून ठेवा. दुसऱ्या बाजूला मोकळी हवा लागू द्या. सकाळी फळी सपाट झालेली दिसली तर पोळपाट कडेवर उभा करून दोन-तीन दिवस सावलीत सुकवा. उन्हात घाईनं सुकवलात तर तडे जातील. जोडफळीचा सांधा उघडला असेल किंवा वाक फार जुना असेल, तरच सुताराकडे न्या.

पुढे पोळ्या झाल्यावर पीठ खरवडून ओल्या फडक्यानं पुसणं पुरतं. धुवायचाच असेल तर दोन्ही बाजू सारख्या भिजवा आणि लगेच उभा करा.

चॉपिंग बोर्डला सूर्यफुलाचं तेल लावलं. आता तो चिकट झालाय, खवट वासही येतो.
– एक वाचक, ठाणे

सूर्यफूल आणि सोयाबीन तेलं हवेतल्या प्राणवायूनं अर्धवट घट्ट होतात आणि खवट होतात. औषधाच्या दुकानातलं साधं, बिनवासाचं लिक्विड पॅराफिन घ्या. ते खवट होत नाही. हार्डवेअरच्या दुकानातलं ‘डबल बॉइल्ड’ अळशीचं तेल मात्र नको. लवकर सुकावं म्हणून त्यात अनेकदा धातूंचे क्षार घातलेले असतात.

आधी गरम पाणी आणि भांड्यांच्या साबणानं बोर्ड घासा, दिवसभर सुकू द्या. मग १२० नंबरचा पॉलिश पेपर रेषांच्या दिशेनं मारा, त्यानंतर २२०. ओलं फडकं फिरवलं की तंतू उभे राहतील. सुकल्यावर २२० पुन्हा हलक्या हातानं मारा. ही पायरी गाळली तर पहिल्याच धुण्यात बोर्ड खरखरीत होतो.

१२ x ८ इंची बोर्डाला दोन्ही बाजूंना मिळून दोन-तीन चमचे तेल लागेल. कापलेल्या टोकांना जास्त चोळा, पाणी तिथूनच सर्वाधिक शिरतं. रात्रभर मुरू द्या, सकाळी उरलेलं पुसा. पहिल्या आठवड्यात असं दोन-तीनदा करा. नंतर पाण्याचे थेंब टाकून पाहायचं: ते आत मुरून लाकूड गडद झालं की पुन्हा तेल.

पावसाळ्यापूर्वी मेणाचा थर द्यावा, असं आम्ही आग्रहानं सांगू. वजनानं एक भाग मधमाश्यांचं मेण, चार भाग लिक्विड पॅराफिन. गरम पाण्यात भांडं ठेवून वितळवा, कोमट असताना चोळा.

पाटावर निळसर-काळे डाग पडलेत. ही बुरशी का?
– एक वाचक, चिपळूण

ओली विळी किंवा लोखंडी तवा टेकला होता तिथेच डाग असेल, तर तो लोखंड आणि लाकडातलं टॅनिन यांच्या संयोगाचा. लिंबू चोळून दहा मिनिटांनी धुवा. विखुरलेले ठिपके आणि कुबट वास असेल तर बुरशी. पूर्ण सुकवून पॉलिश पेपर मारा. हळदीचा डाग उन्हात उभं ठेवल्यावर काही तासांत फिका पडतो.

चिरलेली रवी आणि पळी वापरावी का?
– एक वाचक, नागपूर

नख अडकेल एवढी चीर असेल तर नको. आतलं ताक, पीठ घासून निघत नाही. कच्च्या मासळी-चिकनसाठीही वेगळा बोर्ड ठेवा.